दीड मिलिमीटर

बुधवारी जुन्या बाजारात
तांबोळी पावकिलोच्या पुडीत परदेशी तिकिटं देतो,
पाकिटांच्या कोपऱ्यांसकट कापलेली.
वजनात कागदच जास्त भरतो,
हे त्यालाही माहीत आहे, मलाही.

घरी माझी वेगळी परात आहे.
कोमट पाणी, वीस मिनिटं.
जुनी तिकिटं आपणहून कागद सोडतात.
नवी सोडत नाहीत,
त्यांचा डिंक पाण्याला ओळखच देत नाही.
ती मग तशीच ठेवतो,
शिक्क्याच्या दोन लाटा अंगावर घेऊन.

मला गुंडाळीतलीच लागतात,
यंत्रातून एकामागे एक निघणारी.
डावी-उजवीकडे दाते, वर-खाली सरळ धार.
शीटमधल्या तिकिटाला चार शेजारी,
ह्याला दोनच:
आधीचं आणि नंतरचं.

भिंग लावून पायाशी बघायचं.
झेंड्याच्या खाली, मुंगीच्या पायाएवढे आकडे:
एक एक एक दोन.
जितक्या शाया तितके आकडे.
काळ्याची प्लेट एकदा बदलली,
एवढीच बातमी.
कुठे चोविसांत एकावर येते, कुठे एकतिसांत.
बाकीची बिननंबरी. पत्रं त्यांनीही पोचतातच.
जर्मनीवाले दर पाचव्याच्या पाठीवर आकडा छापतात,
म्हणजे चिकटवलं
की तो फक्त पाकिटाला माहीत.

कोपऱ्यावरच्या चोरडियाकडून
नोटा तपासायचा दिवा मागून आणतो.
खोलीत अंधार करतो. तिकिटं हिरवी पेटतात.
एखादं काळंच राहतं,
लेप द्यायचा राहून गेलेलं.
त्याची किंमत दसपट.

हसू येतं.
छत्तीस वर्षं मी ऑफसेट चालवलं,
शनिपाराजवळ, तळघरात.
तिथे चुकीची किंमत
पगाराच्या पाकिटातून जायची.

मागल्या बुधवारी तिघांची एक पट्टी निघाली,
कापणी सरकलेली.
आकडे पायाशी नाहीत, डोक्यावर,
तेही अर्धे.
खाली झेंड्याचा दांडा तुटलेला.
म्हणजे वर कुणीतरी होतं.
तिसरा शेजारी होता ह्यांना,
आणि पातं चालवणाऱ्याची नजर हलली
म्हणून तो कळला.

कॅटलॉगात ह्याला कापणीदोष म्हणतात.
मी खाली पेन्सिलीने लिहिलं:
रात्रपाळी असणार.

एकोणनव्वदचा वैशाख. तिसरी पाळी.
लग्नपत्रिका, पाचशे.
लाल दीड मिलिमीटर सरकला
आणि मी विडी प्यायला वर गेलो होतो.
गणपतीला दोन सोंडा आल्या.
चि. सौ. कां. हेमलता
स्वतःच्याच नावाच्या लाल सावलीत उभी.
मालक ओरडले नाहीत.
शनिवारी पाकीट उघडलं तेव्हा कळलं.

लोंढे म्हणाला, एक घरी ने, आठवण.
मी सगळ्या कटरखाली घातल्या.
मागच्या कोऱ्या बाजूची पॅडं केली.
वर्षभर प्रेसमध्ये चहाचा हिशेब
सोंडेच्या तुकड्यांवर चालला.

पण कापण्याआधी मोजल्या होत्या,
सवयीने.
चारशे अठ्ठ्याण्णव.

आज तांबोळीला विचारलं,
रद्दीत जुन्या पत्रिका येतात का?
येतात की, पोत्यानं. कुणाची पाहिजे?
नाव सांगितलं. साल सांगितलं.
पुडी बांधता बांधता त्याने वर पाहिलं,
नात्यातली का?

नाही, म्हटलं.
छपाई माझी.